सुपडूनानांच्या बारा पेट्या

सरक गं सायली, जरा जवळ ये. कागदावर लिहिते आहे म्हणून काय झालं, मी बोलतेच आहे असं समज. आणि मी बोलत असताना मान खाली घालून त्या फोनवर अंगठा फिरवायचा नाही. तुझी पेटी मिळाली. चांगली आहे. झाकणावर माझं नावही कोरलंस, तेही सुबक आहे. कॉम्प्युटरवर चित्र काढलं, लेझरच्या किरणाने अकरा मिनिटांत लाकूड कापलं, असं तू सांगितलंस तेव्हा मी खरंच तोंडावर हात ठेवला. उजेडाने लाकूड कापायचं, करवत नाही, भुसा नाही. मी दिवसभर त्या पेटीच्या काळ्या कडांचा वास घेत होते. चुलीतून काढलेल्या काटकीसारखा येतो.

पण एका गोष्टीवरून मी तुला रागावणार आहे. कोपऱ्यातले दात खाचांत सैल बसले म्हणून तू फटींमध्ये डिंक आणि भुसा भरलास, आणि वर फोनवर मला म्हणालीस, "अक्काआजी, कुणाला दिसतंय?" तू हसत म्हणालीस हे मला कळलं. तरी ते वाक्य मला टोचलं. हेच वाक्य मीही एकदा बोलले होते, ज्याच्यासमोर बोलायला नको त्या माणसासमोर. तो माणूस तुला माहीत असायलाच हवा. तुझ्या बापाने त्यांना पाहिलंय, पण तेव्हा तो चड्डीत होता, त्याला काय आठवणार.

सुपडूनाना मिस्तरी मला पहिल्यांदा दिसले ते धुळ्यातल्या एका लाकडाच्या वखारीत. सागाची एक फळी उभी धरून, तिला गाल लावून, डोळे मिटून उभे. पांढरं धोतर, वर बंडी, कानावर पेन्सिल नाही. सुताराच्या कानावर पेन्सिल नाही हे मला तेव्हाही खटकलं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर येते आहे. मी जवळ जाऊन विचारलं, "नाना, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

डोळे न उघडता म्हणाले, "गप ऱ्हाय. माले ऐकू दे." मग गाल काढला, फळी बाजूला ठेवली आणि वखारवाल्याला म्हणाले, "हाई थंडी शे अजून. हिना पोटमा पानी शे. दुसरी दाखाड."

लाकूड वाळलं की नाही हे ते गालाने ओळखत. ओलं लाकूड गालाला गार लागतं, वाळलेलं लागत नाही. ऐकायला सोपं आहे. मी पुढे शंभर वेळा करून पाहिलं, मला सगळ्या फळ्या सारख्याच लागल्या.

मी वखारीत का गेले होते ते सांगते. तेव्हा मी देवपुरातल्या मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेत काम करायची. शिक्षिका नव्हे. नळ्या धुवायच्या, तराजू पुसायचे, बरण्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. माझं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंतचं, बाकी सगळं बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून झालेलं. शाळेत दहावीपर्यंतच वर्ग होते. पुढे विज्ञान घ्यायचं तर मुलामुलींच्या एकत्र कॉलेजात जावं लागे, आणि निम्म्या घरांतून तिथे मुली पाठवत नसत. मुली हुशार असल्या तरी कला शाखा घेत नाहीतर घरी बसत. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, अकरावी-बारावीची विज्ञान शाखा शाळेतच सुरू करायच्या मागे लागल्या होत्या. आदल्या वर्षी तपासणी समिती आली आणि नकार देऊन गेली. कारण काय, तर वजनं. तराजू ठीक होते, पण वजनांच्या पेट्यांना वाळवी लागलेली. मी वजनं बिस्किटांच्या डब्यांत ठेवली होती, एकमेकांवर आपटून त्यांना पोचे आले होते. "ह्या वजनांवर विश्वास कसा ठेवायचा?" एवढं बोलून ते लोक निघून गेले. मोठ्या बाईंनी वजनं तेवढी मुंबईला धाडून पुन्हा तपासून आणली. नव्या पेट्यांसाठी मात्र वरून उत्तर आलं की वर्षभर थांबा.

आणि वर्षभर थांबणं कुणाला परवडणार नव्हतं, तर रेहानाला. सायकल दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंची मुलगी. दहावीला होती. मधल्या सुट्टीत येऊन माझ्याबरोबर तराजू पुसायची, आणि पुसता पुसता प्रश्न विचारायची, ज्यांची उत्तरं मला येत नसत. सलीमभाई मला स्पष्ट म्हणाले होते, "अक्का, आपके स्कूल में क्लास खुली तो पढेगी. नही खुली तो घर बैठेगी. मैं झूठ नही बोलता." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तराजूच्या दोन पारड्यांसारखं त्यांनी सांगून टाकलं. समिती पुन्हा जूनमध्ये येणार होती. तोवर बारा पेट्या हव्या होत्या.

मी सुतार शोधत वखारीत गेले, तर वखारवाल्यानेच नानांकडे बोट दाखवलं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी वाळवीने खाल्लेली जुनी पेटी मागून घेतली, कोपरा बोटाने चाचपला आणि विचारलं, "वजन केवढं बारीक ऱ्हास?" मी म्हटलं, "सगळ्यात बारीक तर फुंकरेने उडतं." तेव्हा पहिल्यांदा ते हसले. म्हणाले, "मंग पेटी बी तशीच पाहिजे." झालं. एवढ्यावर काम ठरलं.

ते माघाचे दिवस होते. मोठ्या बाईंना वाटलं होतं, महिन्याभरात पेट्या येतील. नानांनी लाकूड निवडलं आणि आपल्या घराच्या पत्र्याखालच्या माळ्यावर रचून ठेवलं. फळ्यांमध्ये काटक्या घालून, वारा फिरेल असं. आणि जाहीर केलं की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होईपर्यंत करवत लावायची नाही. बाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. देवपुरातलं दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, ओट्यावर काम. नानांनी बाईंना बसायला पाट दिला आणि म्हणाले, "बाई, घाई तुम्हले शे, लाकूडले नही. आते कापं ना, ते येता उन्हायामा पेटी दात काढी." म्हणजे सांधे उघडतील आणि पेटी हसल्यासारखी दिसेल. आपला खान्देशचा उन्हाळा तुला माहीत आहे. इथे दाराच्या चौकटी सुकून सैल होतात, पेटीची काय कथा. बाई परत येताना मला म्हणाल्या, "तुमचे हे मिस्तरी मला विद्यार्थिनीसारखं समजावतात." पण चिडल्या नव्हत्या.

मी दर शनिवारी शाळा सुटली की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. कामाला काही नव्हतं, नुसतं बघायला. तिथे मी पहिली पेटी पाहिली. शाळेची नव्हे, उरलेल्या तुकड्यांची, हात चालू राहावा म्हणून ते करत होते ती. आता तू नीट ऐक, कारण हे तुझ्या कामाचं आहे.

पेन्सिल ते वापरतच नसत. एक धारदार सुरी होती, बोटाएवढी, तिने ते लाकडावर रेघ ओढत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पेन्सिलनी रेघ जाड ऱ्हास. जाड रेघमा खोटं बोलाले जागा ऱ्हास." पट्टीने मोजतही नसत. पहिल्या फळीच्या टोकाला दात कापले की तीच फळी दुसरीवर उभी ठेवायची आणि सुरीने तिच्या दातांच्या कडेने रेघा उतरवायच्या. पहिली जशी असेल तशी दुसरी. मग जो भाग काढायचा त्यावर खडूची फुली. आणि करवत लावायची ती रेघेवर नाही, रेघेला चिकटून, फुलीच्या बाजूने. मी एकदा विचारलं, रेघेवरच का नाही लावायची? त्यांनी करवतीचं पातं उभं करून मला त्याची जाडी दाखवली. "करवतले बी पोट शे ना माय. ती जाई तठे लाकूड खाई. कोन्हा वाटामातून खाऊ देसी, ते आधी ठरव." म्हणजे टाकायच्या भागातून खाऊ द्यायचं, ठेवायच्या दातातून नव्हे.

सायली, तुझ्या किरणालाही पोट आहे. तो दिसत नाही एवढा बारीक असेल, पण त्याने खाल्लंच ना तुझं लाकूड दोन्ही बाजूंनी. म्हणून दात सैल बसले. तू रेघेवर कापलंस. चूक यंत्राची नव्हती.

तर त्या दिवशी चार फळ्यांचे दात एकमेकांत बसवले. दोन्ही हातांची बोटं आपण गुंतवतो ना, तशा चार कोपऱ्यांत गुंतल्या. लाकडी हातोडीने हलके टोले. सरस लावला होता, पण नखावर मावेल इतकाच. मग वर एक फळी, खाली एक फळी. झाली पेटी. मी फिरवून फिरवून पाहिली. सहाही बाजूंनी बंद. मला वाटलं, म्हातारा बोलण्याच्या नादात विसरला. मी जरा घाबरतच म्हटलं, "नाना, हिला तोंड नाही."

"आधी पोट, मंग तोंड," ते म्हणाले. पेटी आडवी धरली, चारी अंगाने सुरीची रेघ फिरवली, आणि करवतीने ती पेटी चक्क मधोमध चिरायला घेतली.  दिवसभराचं काम ते चिरत होते. चौथी बाजू सुटली आणि वरचा भाग अलगद हातात आला. तेच झाकण. लाकडातली प्रत्येक शीर खालून वर सरळ गेलेली, मधली चीर दिसेचना. झाकण वेगळं करून बसवलं असतं तर कधीच इतकं जुळलं नसतं. एकाच अंगाचं ते, म्हणून जुळलं.  घरी जाऊन भाकरी थापताना मी दोनदा थांबले.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. हसू नकोस.

आखाजीला आपल्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, त्यांना आणायला मुराळी जातो. नानांची एक बहीण भडगावला होती. सत्तरीची असेल, तोंडात दात नव्हते, पण नाना दर आखाजीला मुराळी होऊन तिला आणायला जात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, तेव्हा माहेर म्हणजे हे दोन खोल्यांचं घर आणि ओट्यावरचा भुसा. तरी म्हातारी ऐटीत यायची. त्या वर्षीही ते निघाले. बहिणीचा पाय दुखत होता म्हणून तिथे चार दिवस थांबणार होते. मला म्हणाले, "रोज एक डाव शिडीवर चढी फळ्या उलट्या कर. दुसरं काही करू नको." दुसरं काही करू नको, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढले. वैशाखाची दुपार, वर पत्रा, हात लावला तर फोड येईल. फळ्यांच्या टोकांना नानांनी शेण लावून ठेवलं होतं, टोकं एकदम सुकू नयेत म्हणून. आणि पाहते तर काय, प्रत्येक टोकाला चिराच चिरा.  बारा पेट्यांचं लाकूड तडकलं, समिती येणार, रेहाना घरी बसणार, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे. मग मी काय केलं असेल? तेच केलं जे आपण उन्हाळ्यात माठाला करतो, काकड्यांना करतो, दाराखिडकीला करतो. चार गोणपाटं भिजवली, पिळली आणि फळ्यांवर पांघरून आले. तीन दिवस. दिवसातून दोनदा तांब्याने शिंपडलंसुद्धा. मनात म्हणत होते, नाना आले की शाबासकी देतील.

नाना आले. बहिणीला ओट्यावर बसवलं आणि आधी शिडी चढले. मी खाली उभी.  मग एक एक करत गोणपाटं खाली पडली, ओली. मग नाना उतरले, हातात एक फळी. उभी धरली तर ती पन्हाळीसारखी वाकलेली. त्यांनी टोकाचं शेण नखाने खरवडलं. खाली लाकूड अख्खं होतं, एकही चीर नाही. चिरा शेणाला पडल्या होत्या. शेण वाळलं की त्याला चिरा पडतातच, मी रोज अंगण सारवणारी बाई, मला हे कळू नये?

मी रडायला लागले. नाना रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तहान तुले लागेल व्हती. लाकूडले नही." आणि फळी घेऊन ओट्याच्या सावलीत बसले. बहीण बिचारी भावाकडे बघे, माझ्याकडे बघे. शेवटी तिनेच मला पाणी दिलं.

समितीला तीन आठवडे होते. नवं वाळलेलं लाकूड कुठून आणणार? मी मोठ्या बाईंना सांगायला निघाले की नाही जमत, माझ्यामुळे नाही जमत. नानांनी मला पायरीवरून परत बोलावलं. त्यांनी दोन वाकड्या फळ्या एकीला एक पाठ लावून धरल्या होत्या. एक डावीकडे वाकलेली, एक उजवीकडे. म्हणाले, "पानी वरवर लागेल शे. पोटमा गयं नही. सावलीमा आठ दिन वारा खाऊ दे." मग जरा थांबून, "एकली फळी वाकडी जास. चार जनी बोटंमा बोटं धरी बसन्यात, का कोन्ही वाकडी जाई?"

त्यांचा बेत असा होता. आधी ते प्रत्येक कोपऱ्यात पाच जाड दात ठेवणार होते. आता अकरा बारीक ठेवायचे. जितकी जास्त बोटं, तितकी पकड घट्ट, फळीला वळवळायला वावच नाही. पण मग काम दुपटीहून जास्त. बारा पेट्या, प्रत्येकीला चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात अकरा दात. मी म्हटलं, "नाना, तुम्ही एकटे कसे करणार?"

त्यांनी ती बोटाएवढी सुरी माझ्यापुढे ठेवली. "रेघ तू मार."

शाळेला सुट्टी होतीच. मी सकाळी घरचं आटोपून जायची, आठ दिवस नुसत्या तुकड्यांवर रेघा मारल्या. ते बघायचे, बोट फिरवायचे, तुकडा फेकून द्यायचे. नवव्या दिवशी फेकला नाही. त्या दिवसापासून मी रेघ मारायची, ते कापायचे. शेजारच्या काशीबाई पाण्याला जाता येता थांबायच्या. "काय वं अक्का, शाया सोडी दिनी का? तुन्हा नवराले सांगू, घरमा आते मिस्तरीन उनी." मी काय बोलणार, मान वर केली तर रेघ चुकली. नानाच उत्तर द्यायचे, "काशी, तुन्ही घागर गयस. आधी ती दाखाड." आणि खरंच गळत असायची.

त्या दिवसांत मी त्यांचे हात पाहिले. सत्तरीच्या माणसाचे हात एरवी कापायचे, चहाची बशी धरली की चहा सांडायचा. पण करवत हातात आली की कापणं थांबायचं. कसं, ते मला कळलं नाही. मी एकदा विचारलंही. म्हणाले, "आते कापाले काम शे ना त्याले." 

आणि मग ते वाक्य. सातवी की आठवी पेटी होती, मी थकले होते. एका फळीवर फुली चुकीच्या बाजूला मारली. नानांनी विश्वासाने कापलं आणि दात कमी पडला, फट राहिली. केसाएवढी नव्हे, तांदळाएवढी. मी घाईघाईने म्हटलं, "नाना, भुसा आणि सरस भरू. वरून पॉलिश. कोनले दिसस?"

त्यांनी पटाशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपल्या हाताकडे पाहत म्हणाले, "मन्हा हातले म्हाईत शे ना." आणि ती फळी बाजूला ठेवून नवी घेतली. त्या फळीसाठी अर्धा दिवस गेला.  संध्याकाळी निघताना त्यांनी चुकलेली फळी मला दिली. "घर ने. चूल पेटाड." मी पेटवली नाही. बरीच वर्षं ती माझ्या ट्रंकेत होती.

बारावी पेटी समिती येण्याच्या आदल्या दुपारी झाली. आत वजनांसाठी गोल खळगे, त्यांना हिरवं मखमली कापड, ते रेहानाने चिकटवलं. तिचा निकाल लागला होता, शाळेत पहिली आली होती. पेढे मात्र वाटले नव्हते. सलीमभाई म्हणाले होते, थांबू या.

समितीत तिघं जण होते. दोघं भराभर कागद बघणारे, तिसरे वयस्कर, जाड चष्म्याचे. मी कोपऱ्यात फडकं धरून उभी. त्या वयस्करांनी एक पेटी पुढे ओढली, झाकण उघडलं, वजनं पाहिली, आणि झाकण पेटीच्या तोंडावर आणून सोडून दिलं. सोडून दिलं की पडायला हवं ना? खाड् आवाज व्हायला हवा. झाकण पडलं नाही. नानांनी पेटीच्या आतून एक पातळ पट्टी वर काढलेली होती, झाकण तिच्यावर असं नेमकं बसायचं की आतल्या हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. झाकण वरच्या वर तरंगल्यासारखं थांबलं आणि मग हळूहळू, झोपलेल्या लेकराचा श्वास सुटावा तसं, खाली उतरत गेलं. शेवटी एक बारीक सुस्कारा. आणि बंद.

मला हे माहीत नव्हतं. मी त्या पेट्यांवर जवळजवळ दोन आठवडे वाकले होते आणि मला माहीत नव्हतं. नानांनी सांगितलंच नव्हतं.

त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. झाकण पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. मग दुसरी पेटी. मग तिसरी. त्यांचे सोबती म्हणाले, "सर, गाडी थांबली आहे." सर म्हणाले, "थांबू द्या." बाराही पेट्यांची झाकणं त्यांनी एकेक करून सोडली. खोलीत बारा वेळा तो सुस्कारा झाला. मग त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं, "हे कुठून मागवलं?"

"मागवलं नाही," बाई म्हणाल्या. "इथलंच आहे. पुढच्या गल्लीतलं."

मंजुरी आली. पावसाळ्यात वर्ग सुरू झाला, अठरा मुली. सलीमभाईंनी पेढे वाटले आणि शाळेतल्या झाडून सगळ्या सायकलींच्या साखळ्यांना तेल घालून गेले. मी नानांना शाळेत यायला किती वेळा म्हटलं. ते येईनात. "मन्हं काय काम तठे?" शेवटी दिवाळीच्या अलीकडे एकदा आले. वहाणा खाली पायऱ्यांशी काढल्या, प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभे राहिले. आत मुली वजनं करत होत्या. रेहाना चिमट्याने एकेक वजन उचलत होती, ठेवत होती. झालं की तिने झाकण सोडलं आणि ते उतरेपर्यंत थांबून राहिली, मगच वहीकडे वळली. नाना बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता पेट्यांबद्दल काही म्हणतील. म्हणाले, "ती पोरना हात हलका शे. ती रेघ मारी." माझ्या नऊ दिवसांच्या तपश्चर्येला त्यांनी कधी एवढी मोठी शाबासकी दिली नव्हती. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

पुढे चार-पाच वर्षांनी त्यांना एकटं राहवेना. भडगावला बहिणीकडे गेले. जाताना सुरी माझ्या हातात ठेवली, बाकी हत्यारं वखारवाल्याला दिली. नव्वद सालाच्या पुढे कधीतरी ते गेल्याचं पोस्टकार्ड आलं, तेराव्यानंतर पोहोचलं. मी तरी गेले. म्हातारी बहीण अंगणात बसली होती. मला न्याहाळून म्हणाली, "तूच का ती लाकूडले पानी पाजनारी?" इतकी वर्षं झाली, घरात माझं नाव तेच होतं. मी हो म्हटलं. ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग माझ्याही. तिने सांगितलं, शेवटच्या दिवसांत नानांना माणसं ओळखू येत नव्हती, पण उशाशी एक फळी ठेवलेली असे, तिच्यावरून बोट फिरवत राहायचे. बोट एका जागी थांबलं की, रेघ कुठे मारायची ते सांगावं तसे म्हणायचे, "आठे नही, जरासं अलीकडे."

परवा रेहाना आली होती. शिरपूरला कॉलेजात रसायन शिकवते, आता तिचेही केस पिकले. शाळेत विजेचे काटे आले, जुनं सामान काढायचं होतं, तर तिने नव्या मुख्याध्यापिकांना सांगून एक पेटी माझ्यासाठी सोडवून आणली. इथले चाळीस उन्हाळे खाल्लेत तिने. अकराच्या अकरा बोटं चारी कोपऱ्यांत तशीच आहेत, नखसुद्धा जात नाही मध्ये. आम्ही दोघी म्हाताऱ्या पलंगावर पेटी मांडून बसलो आणि झाकण सोडत राहिलो, चहा गार झाला तरी.

तुझं कौतुक मी कमी करत नाही गं. तुझं यंत्र तुझ्या हाताखाली आहे, तू शिकशील. फक्त पुढच्या पेटीला किरणाचं पोट आधी मोज, आणि फट राहिली तर ती फळी बाजूला ठेव, दुसरी काप. अकरा मिनिटंच तर लागतात तुला. आम्हाला अर्धा दिवस लागला होता.

फोटो मागू नकोस, मी पाठवणार नाही. झाकण कसं उतरतं ते फोटोत येत नाही आणि फोनवर मला ऐकवता येत नाही. पुण्याहून रात्रीची गाडी असते, सकाळी धुळ्यात उतरशील. रेहानालाही बोलावून घेते. शेवेची भाजी करते, तुला तिखट लागेल, रडत रडत खा. पण ये. ह्याच महिन्यात ये, गं.